झाडीवरून परतणारा प्रकाश आणि सूर्याचा कोन

पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला, स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी साडेदहा वाजता, सूर्य शिरोबिंदूपासून सुमारे ४७ अंश कललेला असतो; मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच वेळी हा कोन जेमतेम २१ अंशांचा असतो. १० मीटर उंचीच्या झाडाची सावली पहिल्या वेळी जवळजवळ ११ मीटर लांब पडते, तर दुसऱ्या वेळी ती ४ मीटरही भरत नाही; याच दिवसांत पुण्यात ‘शून्य सावली दिवस’ येतो. साडेदहाची वेळ मी मुद्दाम घेतली आहे, कारण भूनिरीक्षण करणारे अनेक उपग्रह याच सुमारास आपल्या डोक्यावरून जातात. आता एखाद्या जुन्या आमराईत या पाच महिन्यांत एकही नवे पान फुटले नाही आणि एकही गळले नाही, असे क्षणभर धरून चालू. तरीही उपग्रहाच्या दोन चित्रांत ती आमराई सारखी दिसणार नाही. डिसेंबरच्या चित्रात झाडांच्या एका अंगाला आणि मधल्या जमिनीवर सावल्या पसरलेल्या असतील, मेच्या चित्रात त्या आखडलेल्या असतील, आणि दोन्ही चित्रांची वजाबाकी करणारा संगणक आमराईत बदल झाल्याचे निर्विकारपणे सांगेल.

हा बदल पानांचा किती आणि सूर्याचा किती, हे वेगळे काढायचे असेल तर झाडीवर पडलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती परततो याचे मॉडेल हाताशी असावे लागते. उपग्रहचित्रांवरून काढलेले हिरवाईचे, दुष्काळाचे, पीकपाहणीचे नकाशे आता वर्तमानपत्रांतही छापून येतात, परंतु त्यांच्या पोटात दडलेल्या या मॉडेलविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात एका पानापासून करावी लागते. हिरवे, निरोगी पान लाल आणि निळा प्रकाश हरितद्रव्याच्या साहाय्याने बहुतांशी शोषून घेते. लाल रंगात त्याचे परावर्तन साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असते, हिरव्यात थोडे अधिक. डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त प्रकाशात मात्र चित्र पालटते. तेथे हरितद्रव्य काही शोषत नाही, पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो, आणि परिणामी जवळजवळ निम्मा प्रकाश वरच्या बाजूने परततो व उरलेल्यातला बराचसा खालच्या बाजूने बाहेर पडतो. या दुसऱ्या गोष्टीकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. पानातून आरपार गेलेला निकट-अवरक्त प्रकाश खालच्या पानांवर पडतो, तेथून पुन्हा विखुरतो, आणि त्यामुळे या तरंगलांबीत झाडाखालची सावली काळीकुट्ट नसते. लाल प्रकाशात तीच सावली खरोखर गडद असते. म्हणजे सावली दोन्ही पट्ट्यांना सारख्या प्रमाणात मंद करत नाही, आणि म्हणूनच लाल व निकट-अवरक्त यांचे गुणोत्तर घेऊन काढलेला एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांकसुद्धा कोनाच्या परिणामातून पूर्णपणे सुटत नाही. गुणोत्तर घेतले की सावलीचा प्रश्न मिटला, हा समज बराच प्रचलित आहे. तो अर्धाच खरा आहे.

परावर्तनाची दिशा मोजण्याची रीतसर व्याख्या फ्रेड निकोडेमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्ससाठी मांडली. प्रकाश कोणत्या दिशेने आला आणि कोणत्या दिशेने पाहिला गेला, या दोन्ही दिशा प्रत्येकी दोन कोनांनी सांगायच्या आणि त्या जोडीला किती प्रकाश परतला ते लिहायचे, असे या व्याख्येचे, म्हणजे बीआरडीएफचे (द्विदिशात्मक परावर्तन वितरण फलनाचे), स्वरूप आहे. अडचण अशी, की उपग्रह एका फेरीत या चार कोनांच्या अफाट कोष्टकातली एकच नोंद मोजतो. बाकीचे कोष्टक आपल्याला भरावे लागते, आणि ते भरण्याचे काम मॉडेल करते.

पहिल्या पिढीच्या मॉडेलांनी झाडीकडे पाहण्याची जी पद्धत स्वीकारली ती धाडसी होती. १९५३ मध्ये मोन्सी आणि साएकी या जपानी संशोधकांनी असे मांडले, की दाट वनस्पतींमधून खाली जाणारा प्रकाश गढूळ पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशाप्रमाणे घातांकी नियमाने कमी होतो. पुढे एस्टोनियातील तार्तू येथे युहान रॉस यांनी याच कल्पनेवर प्रारण-वहनाचा पूर्ण सिद्धांत उभा केला. या मांडणीत पानांना आकार नसतो. ती अवकाशात विखुरलेल्या अतिसूक्ष्म चकत्या असतात, त्यांचे एकूण क्षेत्रफळ आणि त्यांचा कल एवढेच काय ते महत्त्वाचे. जमिनीच्या एका चौरस मीटरवर ३ चौरस मीटर पाने असतील आणि ती सर्व दिशांना सारखीच कललेली असतील, तर डोक्यावरच्या सूर्याचे सुमारे २२ टक्के किरण थेट जमिनीपर्यंत पोचतात. सूर्य ६० अंशांपर्यंत कलला की हेच प्रमाण ५ टक्क्यांवर येते. इतक्या साध्या सूत्रातून इतके हाती लागते, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

पानांचा कल हा या मॉडेलांमधला नाजूक भाग होता. १९७२ मध्ये ग्विन सूट्स यांनी प्रत्येक पानाऐवजी त्याचा एक आडवा आणि एक उभा प्रक्षेप घेतला, ज्यामुळे समीकरणे सोपी झाली, पण थेट वरून पाहण्याच्या कोनापाशी परावर्तनाच्या आलेखाला निसर्गात नसलेले टोक आले. नेदरलँड्समधील वाउट फेरहूफ यांनी १९८४ मध्ये पाने कोणत्याही कोनात कललेली असू शकतील अशी सोय करून ते टोक घालवले, आणि त्यांचे सेल हे मॉडेल आजही वापरात आहे. फ्रान्समधील जाकमू आणि बारे यांनी १९९० मध्ये एकट्या पानाचे परावर्तन सांगणारे प्रॉस्पेक्ट हे मॉडेल तयार केले. पुढे या दोघांची जोडी प्रॉसेल या नावाने जगभर रूढ झाली. भात किंवा ऊस यांची उभट पाने आणि कापसाची पसरट पाने यांच्यातला फरक या मॉडेलला कळतो, हा त्याचा मोठा गुण. दोष असा, की उलट गणित करायला गेले तर थोडी पाने पण आडवी, आणि पुष्कळ पाने पण उभी, या दोन परिस्थितींचे उत्तर जवळजवळ सारखेच येऊ शकते. एका कोनातून घेतलेल्या मोजमापावरून त्यातली खरी कोणती हे ठरवता येत नाही, आणि त्यासाठी बाहेरून माहिती आणावी लागते.

परंतु पानांना आकार नाही या गृहीतकाची खरी परीक्षा वेगळ्याच ठिकाणी होते. विमान उतरण्याच्या बेतात असताना, सूर्य आपल्या पाठीमागे असेल आणि खाली झाडी असेल, तर विमानाच्या सावलीभोवती झाडीचा एक उजळ डाग बरोबरीने पळताना दिसतो. दूरसंवेदनात, म्हणजे उपग्रह-विमानांतून केलेल्या निरीक्षणात, याला हॉटस्पॉट म्हणतात. आपण अगदी सूर्याच्याच रेषेतून पाहत असलो की प्रत्येक पान स्वतःच आपली सावली झाकते, त्यामुळे दिसते ते सर्व उन्हात असते. नजर थोडी बाजूला नेली की पानांच्या मागून सावल्या डोकावू लागतात आणि झाडी काळवंडते. पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, जवळपास दहापट तेजस्वी असतो, त्याच्या मागेही मोठ्या प्रमाणात हेच कारण आहे. ब्रूस हॅपकी यांनी १९६३ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागासाठी सावल्यांचे हे गणित मांडले होते.

आता मघाचे २२ टक्के पुन्हा घेऊ. सूर्य डोक्यावर आहे आणि कॅमेराही डोक्यावर आहे. जमिनीचा एखादा तुकडा उन्हात असण्याची शक्यता २२ टक्के, तो कॅमेऱ्याला दिसण्याचीही शक्यता २२ टक्के. आकारहीन पानांचे मॉडेल या दोन घटना स्वतंत्र मानून त्यांचा गुणाकार करते आणि सांगते, की उन्हातही आहे आणि दिसतेही आहे अशी जमीन सुमारे ५ टक्के आहे. वस्तुतः ज्या फटीतून किरण खाली गेला त्याच फटीतून नजरही खाली जाते, म्हणजे खरे उत्तर पुन्हा २२ टक्केच आहे. चौपटीहून अधिक चूक, आणि तीही शून्य सावलीच्या भर मध्यान्ही! तार्तूमधीलच आंद्रेस कुस्क यांनी १९८५ च्या सुमारास यावर उपाय सुचवला: दोन्ही दिशा जितक्या जवळ तितका त्या दोन शक्यतांचा परस्परसंबंध वाढवायचा, आणि तो संबंध किती झपाट्याने ओसरावा हे पानांचा आकार आणि झाडीची उंची यांच्या गुणोत्तरावरून ठरवायचे. अशा रीतीने सिद्धांताने सुरुवातीला टाकून दिलेला पानाचा आकार मागच्या दाराने परत आला. मला ही दुरुस्ती फार आवडते, कारण ती मूळ मांडणीत नेमके काय हरवले होते ते दाखवते.

विरळ झाडीसाठी एवढ्यानेही भागत नाही. मेळघाटासारख्या शुष्क पानगळीच्या जंगलात सागाचे एकेक झाड सुटे उभे असते, उन्हाळ्यात ते पानाविना असते, आणि मधली जमीन, वाळलेले गवत व पाचोळा यांचा वाटा पानांपेक्षा मोठा असतो. अशा ठिकाणी एकसारख्या धुक्याप्रमाणे पसरलेल्या पानांची कल्पना मुळातच लागू पडत नाही. ली शियाओवेन आणि ॲलन स्ट्राहलर यांनी १९८० च्या दशकात यासाठी निराळी वाट काढली. झाड म्हणजे काठीवर ठेवलेला एक घनाकार, आधी शंकू आणि नंतर लंबगोल. अशा झाडांनी भरलेल्या जमिनीचे चार भाग पडतात, उन्हातला पर्णसंभार, सावलीतला पर्णसंभार, उन्हातली जमीन आणि सावलीतली जमीन. कोणत्याही दिशेने पाहताना या चारांचे प्रमाण किती, ते भूमितीने काढायचे. येथे प्रकाशाचे भौतिकशास्त्र जवळजवळ बाजूला ठेवलेले आहे आणि सावल्यांच्या भूमितीवर सारा भर आहे. जमीन काळी असेल तर उन्हातली आणि सावलीतली जमीन यांतला फरक कमी होतो, आणि पिवळ्या गवताने झाकलेली असेल तर तो वाढतो, ही गोष्ट विदर्भासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात विसरून चालत नाही.

रोज सबंध पृथ्वीवर चालवायला मात्र ही दोन्ही प्रकारची मॉडेले जड होती. १९९२ मध्ये रूजाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व १९९५ मध्ये वानर, ली आणि स्ट्राहलर यांनी जो व्यवहारी तोडगा काढला, त्यावर आज नासाच्या मोडिस उपकरणाचे परावर्तनाचे आणि अल्बेडोचे (सर्व दिशांना मिळून परतणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणाचे) नकाशे उभे आहेत. परावर्तन म्हणजे तीन गोष्टींची बेरीज मानायची: सर्व दिशांना सारखा असणारा भाग, रॉस यांच्या सिद्धांतातून आलेला पर्णसंभाराच्या प्रकीर्णनाचा भाग, आणि ली यांच्या भूमितीतून आलेला सावल्यांचा भाग. शेवटच्या दोहोंचे कोनावलंबी आकार आधीच ठरलेले असतात, त्यांना कर्नल म्हणतात. निरीक्षणांवरून फक्त तीन सहगुणक काढायचे. १६ दिवसांत निरनिराळ्या कोनांतून मिळालेली मोजमापे घेऊन हे तीन आकडे जुळवले, की सूर्य आणि नजर कुठेही असताना ती जमीन कशी दिसेल हे सांगता येते, आणि सगळी चित्रे एकाच प्रमाणित कोनात आणून मग त्यांची तुलना करता येते.

या तीन आकड्यांना भौतिक अर्थ चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. सावल्यांचा सहगुणक वाढला म्हणजे झाडे वाढली, असे लिहिलेले मी वाचले आहे. माझे मत असे, की हे सहगुणक आकार जुळवण्यापुरते खरे मानावेत. दोन्ही कर्नल एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत, त्यामुळे एकाचा वाटा दुसऱ्याकडे सहज सरकू शकतो. हिशेबाची बेरीज बरोबर येते म्हणून प्रत्येक रकमेचे खाते बरोबर आहे असे होत नाही.

या सगळ्याचे महत्त्व किती, हे ॲमेझॉनच्या जंगलावरून झालेल्या वादात जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच कुठे दिसले असेल. २००६ मध्ये आल्फ्रेडो ह्यूएते आणि सहकाऱ्यांनी मोडिसच्या मोजमापांवरून असे प्रसिद्ध केले, की ॲमेझॉनचे सदाहरित जंगल कोरड्या ऋतूत अधिक हिरवे होते. ईव्हीआय हा एनडीव्हीआयसारखाच हिरवाईचा निर्देशांक सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. पाऊस कमी, पण ढगही कमी, म्हणून ऊन जास्त, आणि खोल मुळांमुळे पाण्याची चणचण नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्याच वर्षी स्कॉट सालेस्का आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या दुष्काळातही जंगल हिरवे झाल्याचे ‘सायन्स’मध्ये मांडले. निष्कर्ष मोठा होता. हवामानाची अनेक मॉडेले या जंगलाला पाण्यासाठी आसुसलेले दाखवत होती, आणि उपग्रह त्याच्या उलट सांगत होता. दुष्काळाविषयीच्या निष्कर्षावर २०१० मध्ये रंगा मायनेनी यांच्या गटाने धूर आणि ढगांनी दूषित झालेल्या मोजमापांचा आक्षेप घेतला.

मूळ ऋतुबदलावरचा घाव मात्र कोनाचा होता. डग्लस मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत विषुववृत्तापाशी सूर्य वर सरकत जातो, सावल्या आखडतात, आणि सप्टेंबरच्या संपातानजीक मोडिसची डावी-उजवीकडे झाडत जाणारी नजर सूर्याच्या प्रतलाशी जुळू लागते, म्हणजे उपकरण हॉटस्पॉटच्या दिशेने पाहू लागते. पाने तशीच ठेवून त्रिमितीय जंगलाचे मॉडेल नुसत्या सूर्याच्या फिरण्यावर चालवले, तरी निकट-अवरक्त परावर्तनात तशीच वाढ दिसते. आणि वर सांगितलेल्या कर्नल पद्धतीने सर्व मोजमापे एका कोनात आणली की ती वाढ नाहीशी होते. त्यांनी आणखी एक साक्षीदार आणला: आइससॅट उपग्रहावरील लेसर. लेसर ज्या दिशेने प्रकाश सोडतो त्याच दिशेने तो परत घेतो, त्यामुळे सूर्य कुठे आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आणि त्या लेसरलाही कोरड्या ऋतूत बदल दिसला नाही.

वाद येथे संपला असता तर गोष्ट सरळ होती, पण तसे झाले नाही. कोन दुरुस्त केल्यावरही लहानशी पण खरी वाढ उरते, असे सालेस्का आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्येच उत्तर दिले. त्याच वर्षी जिन वू आणि सहकाऱ्यांनी मध्य ॲमेझॉनमधील मनोऱ्यांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी जंगल वरून न्याहाळून दाखवले, की कोरड्या ऋतूत झाडे जुनी पाने टाकून नवी धारण करतात. पानांचे एकूण क्षेत्र फारसे बदलत नाही, परंतु त्यांचे सरासरी वय कमी होते, आणि तरुण पाने प्रकाशसंश्लेषणात अधिक कार्यक्षम असतात. नव्या, पूर्ण वाढलेल्या पानांचे निकट-अवरक्त परावर्तनही जुन्या पानांपेक्षा अधिक असते. हे सर्व एकत्र वाचल्यावर मला असे वाटते, की मॉर्टन यांचे म्हणणे २५ टक्क्यांच्या त्या आकड्याविषयी मूलतः बरोबर होते, आणि जंगलात काहीच घडत नाही हा त्यातून काढला गेलेला अर्थ बरोबर नव्हता. पाच महिन्यांत सूर्याने केलेला बदल पानांनी केलेल्या बदलापेक्षा बराच मोठा होता, आणि मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून उरलेल्या लहान आकड्यावर भांडण चालले होते. अशा वेळी वजा करणारे मॉडेल दोन टक्क्यांनी जरी चुकले तरी निकाल फिरतो. मनोऱ्यावरचा साधा कॅमेरा नसता तर हा तंटा निव्वळ उपग्रहांच्या जोरावर सुटला असता, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे अडचण निराळी आहे, आणि ती पावसाळ्याची आहे. मोडिसच्या पद्धतीत तीन सहगुणक नीट जुळवण्यासाठी १६ दिवसांच्या खिडकीत किमान ७ निरभ्र निरीक्षणे लागतात, आणि तीही निरनिराळ्या कोनांत विखुरलेली. जुलैमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात इतकी निरभ्र निरीक्षणे मिळणे दुर्मीळ. ती मिळाली नाहीत तर पूर्वी जुळवलेल्या कोनावलंबी आकारालाच धरून फक्त त्याची एकूण उंची कमीजास्त केली जाते. आता ज्या डोंगरउतारावर मेअखेर पिवळे गवत आणि उघडा जांभा असतो, तोच जुलैत कमरेइतक्या हिरव्या गवताने भरतो. त्याच्या सावल्यांचा आकार मेमधल्याच मापाने मोजणे म्हणजे नेमक्या बदलाच्या काळात बदल नसल्याचे गृहीत धरणे. अशा आकड्यांसोबत गुणवत्तेची खूण दिलेली असते, पण नकाशा रंगवताना ती बहुधा गळून पडते.

यावर एक मार्ग भूस्थिर उपग्रहाचा आहे. तो एका जागी थांबून पाहतो, त्यामुळे नजरेचा कोन बदलत नाही, पण सूर्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरतो आणि एका दिवसातच अनेक कोन हाती येतात. शिवाय दिवसभरात ढगांत कधीतरी फट पडण्याची शक्यता मोडिसच्या दिवसातल्या दोन फेऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक. २००३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३ए वर लाल आणि निकट-अवरक्त पट्टे असलेला १ किलोमीटर विभेदनाचा कॅमेरा होता, आणि त्यावरून भारताचे एनडीव्हीआय नकाशे काढले गेले. नंतरच्या इन्सॅट-३डीच्या प्रतिमाग्राहकात निकट-अवरक्त पट्टा ठेवलेला नव्हता. ईओएस-०३ हा अधिक बारकाईने पाहणारा भूस्थिर उपग्रह १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्रक्षेपणातच गमावला गेला. त्यामुळे सह्याद्रीच्या पावसाळी हिरवाईचा कोन-दुरुस्त आलेख आज काढायचा झाला, तर जून आणि सप्टेंबर यांच्यामधला बराच भाग मॉडेलनेच भरलेला असतो.